उटीची गुलाबबाग: जानेवारीत जाऊ नका (गेलात तर माझ्या बाबांना बरोबर न्या)

अर्धवट_माळी (धागालेखक)

२६ जानेवारीला जोडून रजा मिळाली म्हणून आईबाबांना उटीला घेऊन गेलो होतो. परवाच परतलो. सगळा खटाटोप बाबांसाठी होता. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीत एकोणतीस कुंड्यांचा संसार मांडला आहे, त्यातल्या बावीस गुलाबाच्या. "एकदा उटीची गुलाबाची बाग बघायचीय" हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय की शेवटी कंटाळून तिकिटं काढली. मेट्टुपालयमहून छोटी गाडी, मागून ढकलणारं इंजिन, रुळांमधली दातेरी पट्टी, ते सगळं सावकाश दुसऱ्या धाग्यात लिहीन.

तर बाग. गावाच्या कडेला एल्क हिलचा उतार आहे, त्यावर पाच टप्प्यांत बाग कोरली आहे. १९९५ साली उटीच्या पुष्पप्रदर्शनाला शंभर पुरी झाली, त्या निमित्ताने केलेली. वरच्या बाजूला 'निला माडम' नावाचा सज्जा आहे (निला म्हणजे तमिळमध्ये चंद्र). तिथून सगळी बाग एका नजरेत दिसते.

मी तिथून एका नजरेत पाहिली. काड्या!

गुडघाभर उंचीच्या, पानं नसलेल्या, तपकिरी-हिरव्या काड्या. टप्प्यामागून टप्पे. आणि त्यांच्यापुढे ओळीने नावाच्या पाट्या. परीक्षेला अख्खा वर्ग गैरहजर आणि बाकांवर नुसते बैठक क्रमांक चिकटवलेले, तसं. कोपऱ्यातल्या दोन-तीन वाफ्यांत थोडी फुलं होती, तिथे फोटोसाठी रांग. आई म्हणाली, "अगंबाई, सगळ्यांची मुंज लावलीय की!"

टॅक्सीवाल्याने "फुल सीझन है साब" म्हणून आणलं होतं. मी त्याच्यावर चडफडत बाबांना शोधायला लागलो, तर ते तिसऱ्या टप्प्यावर एका वाफ्यापाशी उकिडवे बसलेले, शेजारी छाटणी करणारा माळी. माळ्याला तमिळ, बाबांना मराठी. दोघांचं अर्धा तास छान चाललं होतं. बाबा काडीवर बोट ठेवायचे, 'इथे कापू?' माळी मान हलवायचा आणि त्यांचं बोट धरून दोन डोळे (काडीवरच्या नव्या फुटव्याच्या जागा) खाली न्यायचा. मग कात्री तिरकी धरून एकच आवाज, कट्. कापलेल्या टोकाला निळसर लेप. मग पुढची काडी.

बाबा उठले तेव्हा गुडघे धरले होते, पण चेहरा असा की विचारू नका. "फुलं काय, प्रदर्शनात पण बघतो. हे कोण दाखवतं?"

येताना बाहेरच्या रस्त्यावर एका विक्रेत्याकडून त्यांनी 'पीस' जातीच्या गुलाबाचं कलम घेतलं. निलगिरीत प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी, त्यामुळे मुळांचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधून. पुण्यापर्यंत ते बाळ माझ्या मांडीवर होतं.

तर प्रश्न असा: गुलाबबाग बघायला नक्की कधी जावं? आणि तुम्ही कुठकुठल्या पाहिल्यात? काड्या पाहिलेल्यांनी आवर्जून लिहावं, जरा बरं वाटेल.

---

चहाटळ

फोटो टाका की. काड्यांचे का होईना.

---

खुरपं

शीर्षक बदला आधी. तुम्ही लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयात गेलात आणि पंगत नाही म्हणून बोंब मारताय. टॅक्सीवाला चुकला, बाग नाही.

गुलाब नव्या फुटव्यावर फुलतो. जुन्या काडीवर फूल येत नाही, आलं तरी बारकं. म्हणजे फुलं कधी येणार ते छाटणी कधी केली यावर ठरतं. आपल्याकडे पुण्यात मोठी छाटणी पाऊस संपला की, ऑक्टोबरात. आधी पाणी तोडून ताण द्यायचा. जुनी माणसं त्याच वेळी बुंध्याभोवतीची माती काढून वरच्या मुळ्या आठवडाभर उघड्या ठेवत. मग छाटणी, शेणखत, माती परत, भरपूर पाणी. तिथून साधारण पंचेचाळीस दिवस मोजा. म्हणून आपल्याकडच्या गुलाबाच्या प्रदर्शनांचे दिवस थंडीतले असतात. ज्यांना प्रदर्शनात फूल ठेवायचं असतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर उलटे दिवस मोजून कात्री लावतात. दोन दिवस आधी लावली तर फूल आदल्या दिवशीच उमलून मोकळं होतं. मग बसा फ्रीजमध्ये ठेवत. (मी ठेवलंय. घरच्यांनी दुधाच्या पातेल्याला जागा नाही म्हणून बाहेर काढलं होतं. असो.)

उटी सव्वादोन हजार मीटरवर. जानेवारीत तिथे पहाटे गवतावर दहिवर गोठतं. तिथला हंगाम एप्रिल-मे, गुलाबाचं प्रदर्शनही मे महिन्यात. गारठ्यात फुटवा सावकाश वाढतो, पंचेचाळीस दिवसांचा हिशोब तिथे चालत नाही. म्हणून जानेवारीत काड्या. त्या बागेला २००६ साली जागतिक गुलाब महासंघाचा पुरस्कार मिळाला तो अशाच काड्या वर्षानुवर्षं वेळेवर कापल्यामुळे.

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. आणि त्या माळ्याने बोट दोन डोळे खाली नेलं ते का, हे बाबांना कळलं का ते विचारा.

---

चहाटळ

थोडक्यात, बागेत जायच्या आधी न्हाव्याला फोन करायचा, "कटिंग कधी झाली?"

---

अर्धवट_माळी

@खुरपं, विचारलं. बाबा म्हणतात: "मी घाबरत घाबरत वरच्यावर कापतो. तो पेन्सिलीएवढी जाड काडी येईपर्यंत खाली जातो. आणि डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा निवडतो, म्हणजे झाड मधून मोकळं राहतं." हे सांगताना त्यांनी जेवणाच्या ताटात शेवग्याची शेंग वापरली.

---

छावणीतली

आमचं पोस्टिंग तीन वर्षं चंडीगढजवळच्या चंडीमंदिरला होतं, त्यामुळे चंडीगढच्या रोझ गार्डनबद्दल अधिकारवाणीने बोलते. 😄

सेक्टर १६. शहराच्या मधून एक जुना नाला जातो, त्याच्या खोलगट पट्ट्यात बागांची माळ ओवली आहे, त्यातली ही एक. तीसेक एकर. १९६७ साली झाली. एम. एस. रंधावा तेव्हा चंडीगढचे मुख्य आयुक्त होते. आयसीएस अधिकारी, पण मूळचे शैवालांचे अभ्यासक, त्यामुळे या शहरात कुठल्या रस्त्याला कुठलं झाड याचा विचार करणारा माणूस खुर्चीत होता. त्याच वर्षी झाकिर हुसैन राष्ट्रपती झाले. त्यांना गुलाबांचं वेड, म्हणून बागेला त्यांचं नाव. नेत्याचं नाव दिलेल्या शेकडो जागा आपण बघतो. पण त्या माणसाला खरोखर आवडणाऱ्या गोष्टीला त्याचं नाव दिलेलं, असं किती वेळा होतं?

फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे गुलाब उत्सव असतो. बँड, स्पर्धा, खाण्याचे ठेले, आणि गर्दी इतकी की गुलाबांपेक्षा माणसंच जास्त बघून होतात. आम्ही पहिल्या वर्षी उत्सवात गेलो आणि मुलगा हरवला. (सापडला. आलूटिक्कीच्या ठेल्याशी.) पुढच्या वर्षापासून उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवार-बुधवार, सकाळी आठच्या आत. धुकं नुकतं उठत असतं, पाकळ्यांवर दव, आणि फिरायला आलेले म्हातारे सरदारजी पाठीमागे हात बांधून एकेका झाडापाशी हजेरी घेतल्यासारखे थांबतात. एका आजोबांना मी विचारलं, रोज येता का? म्हणाले, "रोज नहीं बेटा, बारिश में नहीं आता."

अजून एक. त्या बागेत गुलाबांशिवाय बेहडा, हिरडा, बेल, कापूर अशी झाडंही आहेत. गुलाब बघून डोळे थकले की त्यांच्या सावलीत डबा उघडायचा. आमचा डबा म्हणजे थालीपीठ. शेजारच्या पंजाबी काकूंनी "ये कौनसा पराठा है" म्हणत अर्धं संपवलं.

---

कोथरूडकरीण

मस्त लिहिलंय @छावणीतली.

माझी तक्रार वेगळी आहे. बागेत लोक पाट्या वाचत नाहीत! मी पाट्या वाचणारी बाई आहे. नवरा पुढे जाऊन बाकावर बसतो, मी 'डॉ. होमी भाभा'समोर उभी. हो, त्या नावाचा गुलाब आहे, पांढरा. 'मोहिनी' म्हणून एक आहे, त्याचा रंग चॉकलेटी-तपकिरी. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं सुकलाय. 'दिल्ली प्रिन्सेस', 'बंजारन'... यातले कितीतरी बी. पी. पाल यांनी तयार केलेले. हे गृहस्थ खरे गव्हाचे. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आणि उरलेल्या वेळात गुलाब. आपण उरलेल्या वेळात काय करतो ते मी लिहीत नाही.

पाटी वाचली की झाड लक्षात राहतं. नाहीतर घरी येऊन फोटो बघताना "हा लाल, हा पण लाल, हा जरा गडद लाल".

पण वास? निम्म्याहून जास्त फुलांना वासच नाही. नाक खुपसून खुपसून दमले. आजीच्या परसातल्या गावठी गुलाबाचा वास ओसरीपर्यंत यायचा.

---

चहाटळ

आता "आमच्या काळी" चालू होणार. चहा टाकतो.

---

रेणू_सूत्र

चालू होऊ दे, या वेळी आजी बरोबर आहेत. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दोन लाल गुलाब समोरासमोर ठेवले. एक 'पापा मेयां', घमघमणारा. दुसरा 'रूज मेयां', दिसायला देखणा पण जवळजवळ बिनवासाचा. गुलाबाच्या वासात जिरॅनिओल नावाचं द्रव्य महत्त्वाचं असतं. इतर बऱ्याच वनस्पती ते एका ठरावीक मार्गाने बनवतात, तोच मार्ग गुलाबात असेल असं धरून चाललेलं. पण निघालं भलतंच. गुलाब त्यासाठी वेगळ्याच गटातलं विकर (एन्झाइम) वापरतो, त्याचं नाव न्यूडिक्स-१. वासाच्या गुलाबाच्या पाकळ्यांत त्याचं जनुक जोरात चालू, बिनवासाच्यात जवळपास बंद.

बंद का पडलं? मुद्दाम कुणी बंद केलं नसावं. लांब दांडा, फुलदाणीत आठ दिवस टिकणं, गडद रंग यासाठी पिढ्यानुपिढ्या निवड होत गेली. वासाकडे कुणी बघत नव्हतं, तो मधल्या मध्ये गळाला.

---

खुरपं

शास्त्र मान्य. पण कोथरूडकरीण, तुम्ही बागेत किती वाजता गेला होतात?

---

कोथरूडकरीण

दुपारी. साडेबारा-एक. का?

---

खुरपं

संपलं. वासाची तेलं उडून जाणारी असतात, उन्हात दुपारपर्यंत काय राहणार? सकाळी ऊन पडल्यावर पाकळ्या जरा कोमट होतात तेव्हा जा. नुकतं अर्धं उमललेलं फूल घ्या, पूर्ण पसरलेलं नाही आणि घट्ट कळीही नाही. आणि वास घ्यायच्या आधी फुलात मुंगी आहे का बघा, हा अनुभवाचा सल्ला.

तरी मावळातल्या हरितगृहांमधून व्हॅलेंटाइनला परदेशी जाणारा माल हुंगायला जाऊ नका, तिथे निराशाच. तो दांड्याच्या सेंटिमीटरवर विकला जातो. आपल्याकडे वर्षानुवर्षं उघड्या शेतात घेतला जाणारा 'ग्लॅडिएटर' निदान सकाळी ओळख तरी देतो.

---

गोदाकाठ

गुलाबाच्या धाग्यावर नाशिकचा उल्लेख अजून नाही?? मोगलांच्या काळात आमच्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं हो.

---

चहाटळ

आता तिथे द्राक्षं आणि वाहतूक कोंडी.

---

गोदाकाठ

द्राक्षाचीसुद्धा ऑक्टोबर छाटणीच असते. आमच्याकडे दसऱ्यानंतर पाहुणे बोलवत नाहीत, सगळे कात्र्या घेऊन बागेत. @अर्धवट_माळी, बाबांना एकदा आमच्याकडे पाठवा. बाग काड्यांचीच असते, पण जेवण चांगलं मिळेल.

---

बीव्हरटनकर

इकडची थोडी भर. मी ओरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. इथे गावाच्या टेकडीवर मोठी गुलाबबाग आहे, १९१७ सालची. पहिलं महायुद्ध चालू होतं, युरोपातल्या संकरकारांचे नवे गुलाब तोफा-बॉम्बच्या तडाख्यात नष्ट होतील अशी भीती होती. इथल्या एका गुलाबवेड्या वृत्तपत्र-संपादकाने गावाला पटवलं की ते गुलाब आपण सांभाळू. तिकडून रोपं जहाजाने आली. आता दहा हजारांवर झाडं आहेत, तिकीट नाही, आणि हवा स्वच्छ असेल तर मागे माउंट हूडचं बर्फाचं शिखर.

भारतातून आईबाबा आले की आमच्या भागातलं प्रत्येक मराठी घर त्यांना जूनमध्ये तिथे नेतं. मे अखेर ते जून ही खरी वेळ. कौतुकाचा क्रमही ठरलेला असतो: "किती मोठी फुलं!", मग "कुणी तोडत नाही?", मग थोड्या वेळाने हळूच "देवाला चार घेतली तर?" माझ्या आईला मी अक्षरशः हात धरून बाहेर आणलंय. शेवटी तिने खाली गळलेल्या पाकळ्या रुमालात बांधून आणल्या आणि इथल्या गणपतीला वाहिल्या.

इथेही छाटणीचा नेम आहे. फेब्रुवारीतल्या राष्ट्राध्यक्ष दिनाच्या सुट्टीला, म्हणजे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारच्या आसपास. मी घरच्या सहा झाडांना तेव्हाच कात्री लावतो. त्यामुळे @अर्धवट_माळी, काड्या मीही पाहतो. दरवर्षी. पावसात भिजत.

---

छावणीतली

"देवाला चार घेतली तर" 😂 चंडीगढला माझ्या सासूबाई!

---

तांबडं_फुटलं

दिल्लीला जाणार असाल तर राष्ट्रपती भवनाचं उद्यानही याच हिशोबात धरा (२०२३ पासून नाव अमृत उद्यान). वसंतात काही आठवडे लोकांसाठी उघडतं, आधी ऑनलाइन वेळ घेता येते. रांगेने पुढे सरकत बघावं लागतं, उकिडवं बसायची सोय नाही. बाबांना आवडणार नाही.

---

अर्धवट_माळी

सगळ्यांचे आभार. शीर्षकात कंस घातलाय, @खुरपं. बाबा रोज संध्याकाळी हा धागा माझ्याकडून वाचून घेतात. चंडीगढचं तिकीट बघायला सांगितलंय. आईची अट, उत्सवाच्या गर्दीत नाही.

---

अर्धवट_माळी (नऊ महिन्यांनी)

धागा वर काढतोय, एक अडचण आहे.

या वर्षी बाबांनी गच्चीतल्या सगळ्या गुलाबांची छाटणी उटीच्या माळ्यासारखी केली. दसऱ्यानंतरच्या रविवारी, पेन्सिलीएवढ्या जाड काडीपर्यंत खाली. आई चार दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती, तिला वाटलं सगळी मारली. आज अठ्ठाविसावा दिवस. एकवीस कुंड्यांत लालसर कोवळा फुटवा आणि कळ्यांचे ठिपके दिसतायत.

बाविसावी कुंडी म्हणजे उटीहून माझ्या मांडीवर आलेला 'पीस'. पिवळा, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी झाक असलेला, फ्रान्सिस मेयां यांचा, १९४५ साली हे नाव मिळालेला तो गुलाब. बाबांनी पाटीसुद्धा रंगवलीय. तो सगळ्यांपेक्षा जोरात वाढलाय. चार फुटांच्या सरळ लवचिक काड्या, एकदम हिरव्यागार. पण कळी एकही नाही. पानंही फिकट आणि बारकी वाटतात. खत कमी पडतंय का?

---

खुरपं

एका देठावर पानं किती आहेत? मोजा. आणि काटे?

---

अर्धवट_माळी

सात. काही ठिकाणी नऊ. काटे जवळजवळ नाहीतच. बाकीच्या कुंड्यांत बहुतेक पाच-पाच आहेत.

---

खुरपं

नुसत्या पानांच्या आकड्यावर जाऊ नका, ते फसवतं. बुंध्याशी माती जरा बाजूला करा. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या जागी गाठ असते. या लांब काड्या गाठीच्या वरून निघाल्यात की खालून?

---

चहाटळ

सस्पेन्स. चहा टाकतो.

---

अर्धवट_माळी

खालून. सगळ्या. गाठीच्या वर एकच काडी आहे, ती काळी पडलीय. वाळलेली.

---

खुरपं

मग तो 'पीस' नाही हो. 'पीस' केव्हाच गेला. प्रवासात म्हणा, उन्हाळ्यात म्हणा, डोळा मेला आणि ज्या रानगुलाबावर कलम केलं होतं तो खालचा खुंट सुटला. तुम्ही खत घालून रानगुलाब पोसताय. गाठीखालची फूट दिसली की लगेच मुळापासून ओरबाडून काढायची असते, कात्रीने नुसती वर कापली तर दुप्पट येते. आता उशीर झाला. बाबांना जरा हळू सांगा.

---

कोथरूडकरीण

अरेरे. पाटी रंगवली होती ना त्यांनी. 😔

---

अर्धवट_माळी

सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसले. मग उठून गाठीपाशी बोटाने चाचपून आले आणि म्हणाले, "खुंट जोरदार आहे. डिसेंबरात डोळा भरू." पाटी काढू देत नाहीयेत.

@खुरपं, तुमच्याकडे 'पीस' आहे का? एक काडी मिळेल?

---

खुरपं

आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या, सकाळी. ओलं फडकं आणा. आणि बाबांना आणा, तुम्ही नाही आलात तरी चालेल.